गड्याला वापसा शिकवताना

४ सप्टेंबर
आजही तेच. गडी बांधावर उभा, सळई मातीत, पडद्यावर ओलीचा आकडा. (मी जोडलेल्या पेरणीयंत्राला 'गडी' हे नाव आत्यांनीच ठेवलं.) आत्यांनी मूठभर माती दाबली, ढेकूळ फोडलं. "न्हाई वापसा. पेरायचं न्हाई." मी नोंदवलं: नाही. वापसा म्हणजे माती ना चिकट ना टणक, पेरणीजोगी; आत्या ते हातानं ओळखतात, गड्यानं आकड्यावरून शिकायचं. सासूशी एरवी वाद घालते, मातीवरून नाही. गेल्या महिन्यात सरावाच्या वेळी एवढ्याच ओलीला 'हाय' म्हणाल्या होत्या. दोनशे नोंदी झाल्या, गड्याला ओ की ठो कळत नाही.

७ सप्टें.
नवऱ्याचा फोन, पोस्टिंगवरून. मी सांगितलं, पुण्याच्या कंपनीत एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय, यापुढे कंपनी थांबणार नाही. "आई एकटी पडंल. शाळू पेरून जा की." मामंजी गेले तेव्हा मी इथं दोन महिन्यांसाठी आले होते. दोन वर्षं झाली!
पूर्वी ओल आठ दिवस टिकायची. आता पाऊस तासात कोसळतो आणि दीड दिवसात रान टणक. तेवढ्यात माणसं कुठून आणायची? गडी शिकला तरच माझी सुटका. फोन ठेवल्यावर रडले.

१३ सप्टें.
काल पाऊस झाला. आज आत्या, "न्हाई." दुपारी शेजारच्या शालनवहिनींकडे गेले तर त्यांची पेरणी जोरात. "आवं, तुमच्या आत्याच म्हनल्या, आज सोडू नगा." मधे एक बांध. तीच काळी माती. दूध आणायला गेले होते, तशीच परत आले.

१४ सप्टें.
आत्या भाकरी थापत होत्या. सरळ विचारलं, गड्याला खोटं का सांगितलं?
भाकरी करपली. त्यांची कधी करपत नाही.
"त्यो शिकला म्हंजी तू निगालीस."
"किती वेळा खोटं?"
"काय ठावं. जवा लय भ्या वाटलं, तवा."
असा राग आला की ताट आपटलं. आमचं रान कोरडं पडलंय, पेरणी हुकतेय, आणि ही बाई! जेवलो नाही दोघीही.

१९ सप्टें.
खऱ्या-खोट्या नोंदी वेगळ्या काढता येईनात. सगळ्या पुसल्या. आत्या शेजारी येऊन बसल्या. "आता खरं सांगीन." मी त्यांच्याकडे न बघता सळईचा चिखल खरवडत राहिले.

२२ सप्टें.
काल पाऊस चांगला झाला. सकाळी रानात. गड्याची सळई खोचली. आत्यांनी मूठ वळली नाही, माती माझ्याच हातावर ठेवली. "माज्यावर इस्वास न्हाई न्हवं? तूच सांग."
दाबली. गोळा झाला. बोटानं टोचला, फुटला, हाताला चिकटला नाही.
वापसा होता. अगदी नक्की. आकडा बघायच्या आधीच कळलं. हे मी कधी शिकले?
'हो' दाबलं. गडी घरघरत निघाला, बी पडायला लागलं. त्याच्याकडे आत्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, माझा मातीचा हात धरून उभ्या. "तुला येतंय की गं!" त्यांना इतकं खुश मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. हात सोडवून घ्यायला हवा होता, नाही घेतला.
पुण्याच्या कंपनीचं पत्र उघडून बसलेय. उत्तर लिहिलेलं नाही.