खाजणाचा अर्थ

वेणू, आठवतं? लग्नानंतर पहिल्यांदा बांधावर आले ती बूट घालून. "वयनी, बुटां काड. चिखल चावत नाय," म्हणत तू मला ओहोटीच्या खाजणात उतरवलंस. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या उचलायला शिकवलंस. तेवढ्यात चिंबोरीने नांगीत माझं बोट धरलं. मी किंचाळले, तर तू म्हणालीस, "चिखलाचं बोलली मी. चिंबोरीचं कुठं बोलली?"

मी, श्रीमती दमयंती महादेव घरत, वय सहासष्ट, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा प्रितेश याचा आग्रह आहे, त्याचं उत्तर कलम तीनमध्ये आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक प्रितेशला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची, आता समोरच्यांची भांडी दिसतात. पाटल्या सून निशाला. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणूनच.

२. एक कबुली. १९८६ साली सरकारी भूसंपादनाचा इंग्रजी फॉर्म आला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. सासरे काशिराम म्हणाले, "खाजन लिव." नन्सच्या शाळेत बक्षीस मिळालेला शब्दकोश मी उघडला. त्यात खाजण नव्हतंच. मग मी लिहिलं, 'वेस्टलँड', म्हणजे पडीक जमीन. "काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खाजण." त्यांनी अंगठा उठवला.

चार एकर गेले. भराव पडला तेव्हा तिवरं आधी पिवळी पडली. मग निवट्या दिसेनाशा झाल्या, बोय मासे यायचे थांबले आणि हिवाळ्यातले तुतारी पक्षी दोन वर्षं नुसते घिरट्या घालून परत गेले. वकील म्हणतात, काहीही लिहिलं असतं तरी जमीन जाणारच होती. असेल. शब्द माझा होता.

३. संपादनाच्या रेषेबाहेर राहिलेलं, माझ्या नावावरचं चौदा गुंठे खाजण उघाडीसकट नणंद वेणू हिला तहहयात. तिच्यानंतर नात प्रांजल हिला. प्रितेश म्हणतो, "आई, समोरून रस्ता जातोय. भराव टाकला तर सोनं होईल. आता आहे काय तिथं? चिखल आणि डास!" बाळा, तिथं पहिली निवटी पाहून तू पाच वर्षांचा असताना ओरडला होतास, "आई, मासा चालतो!" दिवसभर गाव तुला तेच विचारून हसत होतं. तो मासा अजून तिथे चालतो. या जमिनीवर भरावाची एकही गाडी रिकामी होऊ नये, ही माझी अट आहे. रागावलास तरी चालेल, मोडू नकोस.

४. गावच्या घरी कणगीत ठेवलेलं राता भाताचं बियाणं वेणूला. खारं पाणी सोसणारं गावात एवढंच उरलं आहे. दर पावसाळ्यात थोडं तरी पेरावं, नाहीतर बी मरतं. उघाडीच्या जुन्या सागवानी फळ्याही तिच्याच. कधी उचलायच्या ते प्रांजलने तिच्याकडून शिकावं, बूट काढून.

५. तो शब्दकोश प्रांजलला. शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलं आहे: 'खाजण: भरतीला खाडीची आणि ओहोटीला आपली असलेली जमीन.' प्रांजल, वेणूला वाचून दाखव. ती बरोबर म्हणाली, तर पेनाने गिरव.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४

सही: दमयंती महादेव घरत

आमच्यासमोर, वाचून, सही केली:
साक्षीदार: तुळशीराम मोकल, अरुंधती कर्णिक