वरणाचं वरचं पाणी

हर्षदा,

स्वराजला कडेवर घेऊन डेअरीवर दूध घालायला चाललीया, काळजी करू नगंस. सकाळी आंगणवाडीत त्याचं वजन केलं. चारशे ग्रॅम वाढलंय.

गेल्या महिन्यात काटा हलला न्हाई, तवा मी समद्या बायांसमोर तुझ्या कंपनीच्या ड्यूटीवर खापर फोडलं. सासूला तोंड हाय म्हणून बोलले. तू स्वराजला काट्यावरनं उचलून घेतलंस. नंतर आंगणवाडीच्या बाईंनी मला एकटीला इचारलं, दिवसभर काय घालता? मी म्हणलं, वरणाचं वरचं पाणी. दाट लेकराला पचत न्हाई, आमच्यात तसंच देत्यात. त्या म्हणाल्या, चमचा वाकडा केला तरी घरंगळाय नगं, असं घाला. तवापासनं डाळ-भात कुस्करून, तूप सोडून घालतीया. मिटक्या मारतोय.

हे तुला महिनाभर सांगवलं न्हाई.

आन् आज वाढताना ध्यानात आलं, दाट माझ्या लेकाच्या, बिरूच्या ताटात जातं आन् तुझ्याबी वाट्याला पातळच येतंय. अंगावर पाजणारी बाई तू. पातेल्याच्या बुडाचं दाट झाकून ठिवलंय. बिरू आला तरी त्याला वाढू नगंस. तू खा.

आत्या