हँडब्रेक, तुझी कंबर आणि बायोडिझेलचा अर्ज

चि. गुंड्या यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

गेले चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. कंबर कशी आहे? ‘बरी आहे’ हे उत्तर चालणार नाही. बिछान्यातून कुशीवर वळून उठतोस की अजून पूर्वीसारखा ताडकन उठायला जातोस, ते कळव. तुझ्या बायकोला विचारलं तर म्हणाली, “ताई, ते भिंतीकडे तोंड करून पडलेत.” कंबर दुखणाऱ्याने मधूनमधून कूस बदलावी. रुसलेल्यानेही.

सोमवारी तुझ्या पंपावर जे झालं ते तू तुझ्या बाजूने सगळ्यांना सांगितलं असशीलच. आता माझी बाजू ऐक. आमच्या ग्राहक मंडळाची (सभासद अकरा, चिटणीस मी) मागणी साधी आहे. गावात बायोडिझेलवर चालणाऱ्या अकरा गाड्या आहेत आणि ते विकणारा पंप बेचाळीस किलोमीटरवर. तुझ्याकडे तीन टाक्या, त्यातली एक निम्मा वेळ रिकामी. ती बायोडिझेलला दे, एवढंच. तू म्हणालास, “ताई, मागणीच नाही.” मागणी नाही म्हणजे काय? मी तुझ्यासमोर खुर्चीत बसून मागतच होते. तेव्हा मंडळात ठरलं की मागणी डोळ्यांना दिसेल अशी दाखवायची. सोमवारी दहा वाजता अकराही गाड्या तुझ्या पंपावर रांगेत येतील, प्रत्येक जण बायोडिझेल मागेल, तू नाही म्हणशील, आणि आम्ही तक्रारवहीत तशी नोंद करून शांतपणे घरी जाऊ.

घोटाळा माझ्या प्रामाणिकपणाने झाला. भरल्या टाकीने इंधन मागणं मला खोटेपणाचं वाटलं. म्हणून मी सभासदांना बजावलं की टाकी अगदी तळाला गेलेली पाहिजे, आणि त्या दिवशी साध्या डिझेलचा थेंबही घ्यायचा नाही. माणसं शिस्तीची निघाली. (ही शिस्त सभेला वेळेवर येताना कुठे जाते ते माहीत नाही.) बेकरीवाल्याने तर आदल्या दिवशी गावाभोवती उगाच चकरा मारून टाकी खाली केली. परिणाम तू पाहिलास. रांगेतच एकेक गाडी गचके देऊन बंद पडली. डिझेलची गाडी अशी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग वरून इंधन ओतलं तरी ती हवा काढेपर्यंत गाडी ढिम्म राहते. नेमका तेव्हाच माल उतरवायला तुझा टँकर आला. अकरा गाड्या दारात अडून, टँकरवाल्याचा हात हॉर्नवर, आणि तुझे भाऊजी बेकरीवाल्याच्या इंजिनात डोकं घालून.

तू बाहेर आलास. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढशील. तू घड्याळ काढून खिशात ठेवलंस, बाह्या दुमडल्यास आणि गाड्या ढकलायला लागलास. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पंपाचा मालक. नऊ गाड्या बाजूला लावल्यास. दहावी आमची व्हॅन. “ताई, स्टिअरिंग सरळ धर,” एवढंच म्हणालास. मी धरलं.

पुढचं वाक्य पडूनच वाच. हँडब्रेक ओढलेला होता. तू दोनदा जोर लावलास, आणि तिसऱ्यांदा तुझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी खाली पाहिलं. तेव्हा कुणाला बोलले नाही. गाडीच जड आहे, असं सांगून मोकळी झाले. (गाडी हलकी आहे. रिकाम्या टाकीची तर फारच.) चिटणिसाला चूक कबूल करायला सभा भरवावी लागते, बहिणीला कागद पुरतो. माझं चुकलं.

“यापुढे ते मंडळ माझ्या दारात नको,” असं तुला आडवं घालून नेताना तू म्हणालास. त्यात गैर काही नव्हतं. पण टाकी बदलायला तेल कंपनीला पंपमालकाची संमती लागते आणि अर्जाची मुदत उद्या, शनिवारी संपते. स्वच्छ धूर, तळणीच्या वापरलेल्या तेलाचा उपयोग, हवं ते इंधन निवडण्याचा ग्राहकाचा हक्क, अशी सात कारणं अर्जात दिली आहेत. शांतपणे वाच.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी,
ताई

ता. क. अर्जातली कारणं खरी आहेत, पण माझं कारण त्यात नाही. तुझे भाऊजी दर गुरुवारी व्हॅनमध्ये रिकामे डबे टाकून त्या बेचाळीस किलोमीटरवर जातात. एकाहत्तरचे झाले. उजव्या डोळ्याने त्यांना कमी दिसतं हे ते मला सांगत नाहीत, आणि मला कळलंय हे मी त्यांना सांगत नाही. काल घरातल्या डब्यातलं शेवटचं इंधन घालून गेले आणि येताना बाजूचा आरसा तुटलेला. वाऱ्याने तुटला म्हणाले. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आहे, गुंड्या. साधं डिझेल भरा म्हणावं, तर ते इंजिन त्यांनी महिनाभर खपून स्वतःच्या हाताने बायोडिझेलसाठी जुळवलंय. नोकरी सुटल्यापासून तेवढं एकच काम त्यांना आपलं वाटतं. ते मला काढून घ्यायचं नाही. रस्ता तेवढा लहान हवा. तुझा पंप चार मिनिटांवर आहे.

ता. क. २. सही करवत नसेल तर करू नकोस. चिटणीस पुन्हा येईल. बहिणीचा फोन मात्र आज उचल.

तुझ्याकडे पाठवलं ते असं:
अर्ज, एक. सहीच्या जागी पेन्सिलीने खूण आहे.
शेकायची पिशवी, एक.
हे पत्र. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, कारण आणणारे तेच आहेत.
तुझे भाऊजी, चालत. थोडा वेळ बसवून घे आणि उजेड आहे तोवर परत पाठव.