आबाजी फोन उचलत नाहीत

५ मे
यवतमाळात भाड्यासाठी काकूंची खोली पाहिली. बघताक्षणीच आवडली. खिडकी पूर्वेला, नळ वेगळा, दवाखान्यात ड्यूटीला पायी जाता येईल अन् चिमीची नवी शाळा कोपऱ्यावरच. काकू बसवून विचारत गेल्या. मिस्टर? पुण्याला, म्हटलं. येतात? नाही, म्हटलं. खोटं कायले बोलायचं. मग आडनाव. सांगितलं. जरा वेळ कूलरकडे बघत राह्यल्या. मग म्हणे, "तुमच्याबद्दल काही नाही हो. पण बाई एकटी, म्हणून आधीच्या घरमालकाशी एकदा फोनवर बोलणं करून द्या. ते चांगलं म्हणाले की चावी घेऊन जा."
आडनावानंतर हे सुचलं, ते मला कळलं. पण चावी देते म्हणाल्या, बाकीच्या दोन घरांनी तेही नव्हतं म्हटलं. आणि आबाजींचं काय, ते तर मला लेकच म्हणायचे. घाटंजीत त्यांच्याकडे भाड्यानं चार वर्षं काढली, एक शब्द वरखाली नाही.

६ मे
आबाजींना सकाळी फोन, दुपारी फोन. पूर्ण वाजून बंद होतो. शेतात गेले असतील.
वहिनीनं चिमीला कूलरसमोरून उठवलं, तिच्या पोराला तिथं झोपायचं होतं. वहिनी वाईट नाही. दोन खोल्यांत इतकी माणसं, त्यात नणंद लेकरू घेऊन दिवाळीपासून बसलेली. दादानं ऐकलं, अन् पेपर वाचत राह्यला. मला दादाचाच जास्त राग आला.

९ मे
आज उचलला.
"आबाजी, मी सुजाता." काही नाही. हॅलो, हॅलो. ठेवलाही नाही. कोणीतरी सुपात काहीतरी पाखडत होतं, तेवढाच आवाज. मी ऐकत राह्यली. मग कट झाला.
माईच असं पाखडत बसायची दुपारी, आबाजींची बायको. पण माईला जाऊन वर्ष होत आलं. घरात आबाजी सोडून कोणी नाही.
वार्डात दिवसभर तो आवाज कानात.

१० मे
आबाजींच्या शेजारच्या लताबाईला लावला. "आहे न बुढा, ठणठणीत आहे. ओट्यावर बसते. पन तुह्यं नाव काढलं का उठून घरात जाते. काय केलं तू त्याले?"
काय केलं मी? आठवून आठवून थकली. निघताना पाया पडली होती. चिमीच्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी अन् तसेच बसून राह्यले, टेम्पो निघाला तरी वर पाह्यलं नाही. तेव्हा वाटलं, वाईट वाटलं असेल.
काकूंचा निरोप: दुसरी फॅमिली बघून गेली, पुढच्या रविवारपर्यंत थांबते.

१४ मे
घाटंजीला जाऊन आली. सुट्टी मिळाली, चिमीला सोबत घेतलं. बाजाराचा दिवस, एसटीत उभं राहून.
आबाजी ओट्यावर, पुढ्यात सूप, तुरीची डाळ पाखडत होते. पाखडता कुठं येतं, अर्धी डाळ खाली. म्हणजे त्या दिवशी फोनवर तेच होते. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.
मला "ये" म्हणाले नाहीत. चिमीला पाहून उठले, आत गेले, वरण-भात वाढून आणला. ताट आधी चिमीपुढे ठेवलं अन् विचारलं, "मीठ बराबर झालं का?"
रोज माईला विचारायचे, तस्संच. म्हातारपणी माईला चुलीचा धूर सोसेना तेव्हापासून स्वयंपाक तेच करायचे.
चिमी म्हणे, "जास्त झालं."
आबाजी हसले. किती दिवसांनी हसले असतील देव जाणे.
मी विषय काढला. काकू, खोली, एक फोन. ते डाळ वेचत राह्यले. मग बोलले.
"पाऊल तुह्या खोलीच्या दाराकडं तोंड करून होतं, बाई."
मला कळायला वेळ लागला. माई गेली त्या रात्री तिच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवला होता, वरून टोपली झाकलेली. सकाळी टोपली उचलून बाया बघतात पिठात काय उमटलं, त्यावरून जीव कुठं गेला ते सांगतात. आमच्यात हे नाही. माझ्या बाबांनी असलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून मी तेव्हा बघायला गेली नव्हती. लेकराचं पाऊल उमटलं, माणसाचाच जन्म भेटला, एवढं बायांचं बोलणं कानावर आलं होतं.
"तू घर सोडलं तवा थे बी तुह्या मांगं गेली. आता तू म्हनतं, दुसऱ्याले फोन करा, हिले ठेवून घ्या म्हना. माह्या तोंडातून कसं निघन वं?"
डाळीतला खडा फेकत म्हणे, "खोली रिकामीच आहे. कोनाले देल्ली नाही. या न परत."
परत कशी येणार? नोकरी यवतमाळला.
आबाजी, ते पाऊल चिमीचं असेल, रात्री पाणी प्यायला उठली असेल अन् टोपली लवंडली असेल, हे अगदी तोंडाशी आलं होतं. नाही बोलली. ते चिमीच्या ताटात भात वाढत होते. माझ्या खोलीसाठी त्या माणसाची बायको पुन्हा कशी मारू?
निघताना काकूंचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. त्यांनी पाह्यलं का, माहीत नाही.

१५ मे
चिमीला विचारलं. सहज विचारल्यासारखं, वेणी घालताना.
"माई गेली तेव्हा तू रात्री उठली होतीस का? पिठात पाय पडला का तुझा?"
"नाही. मी लांबून गेली. माईनं सांगितलं होतं, लांबून जा म्हणून."
"केव्हा सांगितलं?"
"तेव्हाच. बसली होती न टोपलीजवळ."
वेणी ओढली गेली माझ्याकडून. चिमी रडली. मी उलट रागावली, खोटं बोलतेस म्हणून. लहान होती, स्वप्न पडलं असेल. लेकरं मागचंपुढचं एक करतात.
बाबा असते तर हसले असते. मला हसू येईना. पोळ्या लाटायला पिठाचा डबा उघडला अन् तशीच उभी राह्यली, वहिनीनं हटकलं तेव्हा भानावर.

१७ मे
काही नाही. आबाजींचा फोन नाही, मीही केला नाही. करायची भीती वाटून राह्यली, उचलतील म्हणून.
दादा म्हणे, लताबाईच्या नवऱ्याला घरमालक बनवून बोलव न फोनवर, कोणाला कळतं? तसं केलं असतं तर आज चावी हातात असती. पण घर घ्यायचं अन् पहिलीच वीट खोट्याची, नको वाटलं. दादा म्हणे, मग बस इथंच.

१८ मे, रविवार
सकाळी काकूंचा फोन. "तुमच्या आबाजींचा फोन आला होता काल. या, बोलायचं आहे."
चिमीला घेऊन गेली. काकूंनी पाणी दिलं, अन् आबाजी जसे बोलले तसंच सांगितलं. म्हणे, माही घरवाली तुमच्या घरी राहाले येऊन राह्यली. तिले सांजच्या वक्ती अंधारात ठेवू नका, थे भिते. मीठ कमी लागते तिले. तिच्यासंग सुजाता नावाची बाई आहे. थे लेकीसारखी आहे, तिच्याबद्दल काही विचारू नका.
माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दिला शब्द म्हाताऱ्यानं. कसा निघाला असेल तोंडातून.
काकूंच्या हातात चावी होती. "हे काय आहे, बाई? त्यांचं डोकं ठिकाणावर आहे न?"
नाही म्हटलं तर त्यांचा शब्द फुकट. हो म्हटलं तर बाकीचंही खरं.
काकू हळूच म्हणाल्या, "काल सांजेला मी त्या खोलीत लाइट लावून ठेवला. कायले लावला, मलाच कळलं नाही." मग सरळ माझ्याकडे बघून, "एक सांगा. राहणार किती जणी?"
दोघी म्हणायचं होतं. चिमी आधी बोलली.
"तिघी."
काकूंनी चावी पदराला बांधली. रागानं नाही. म्हणाल्या, "परवा या. विचार करू द्या मले."
घरी वहिनीनं जेवायला वाढलं. चिमीनं एक घास खाऊन ताट सारलं, मीठ जास्त आहे म्हणे. मी भाजी चाखून पाह्यली. मीठ बरोबर होतं.