पट्टीला तोंड लावायचं नाही

केम,
९ जानेवारी १९७७

चि. सौ. शालन हिस आजी दगडाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

केम नावाचं एक गाव आहे. रेल्वे थांबते तिथं, फलाटावर पाटीपण आहे. त्या गावात एक म्हातारी राहते, तिच्या मांडीवर तू लहानाची मोठी झालीस. एवढ्या खुणा सांगितल्या, आता तरी ओळख पटावी. दसऱ्याला तुझं पत्र आलं, आता संक्रांत दारात आली. मधले सण तिकडं सोलापुरात होत नाहीत वाटतं.

अण्णाराव पोस्टमास्तर लिहून घेत आहेत. मी ‘हाय’ म्हणते, ते ‘आहे’ लिहितात. चालू दे की, त्यांची शाई.

तर गावातला कोंडीबा सोलापूरहून आला आणि सांगत सुटला की शालन गिरणीतलं काम सोडून डॉक्टरीण होतेय, दर रविवारी पट्ट्या बांधायला शिकतेय. मी म्हटलं, माझी शालन? कोंबडी कापताना बघून अंगणात आडवी होणारी? खरं काय ते तूच कळव. नातजावयांना आशीर्वाद. आठवण ठेवायला पैसे पडत नाहीत, तेवढी ठेव.

तुझी आजी
(निशाणी अंगठा)

सोलापूर,
२० जानेवारी १९७७

ती. आजीस शालनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनीच आधी वाचलं. आता मी भाजीत मीठ विसरले तरी “केमची पाटी वाच” म्हणतात.

आजी, डॉक्टरीण नाही गं. काम आहे तेच, वाइंडिंग खात्यातलं, सूत गुंडाळायचं. पण दिवाळीच्या आधी एक वाईट गोष्ट झाली, ती तुला कळवायचा धीर झाला नव्हता. माझ्या शेजारच्या मशिनवर सावित्रम्मा म्हणून आहे, पद्मशाली विणकरांतली, जिवाला जीव देणारी. तिचा पदर चाकात गेला. बाही फाटली, खांद्यापासून काखेपर्यंत मांस उघडं पडलं. खात्यातली औषधाची पेटी आमचे मुकादम येडू जॉबर यांच्या ताब्यात असते. ते बिचारे पेटी घेऊन धावत आले. पण ती उघड्या अंगानं पडलेली, पुरुषाला जवळ येऊ देईना. आम्ही भोवतीनं लुगडी धरली. येडूमामा लुगड्याच्या पलीकडून सांगतायत, ही बाटली घ्या, तिथं दाबून धरा. आणि अलीकडं आम्हाला कुणाला काही येईना. दवाखान्याची गाडी येईपर्यंत रक्त जातच राहिलं. येडूमामा पेटीवर डोकं ठेवून रडले. सावित्रम्मा वाचली, पण तिचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

आता सरकारचा नवा कायदा आलाय. पेटी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडं प्रथमोपचाराचं सरकारमान्य प्रमाणपत्र पाहिजे, आणि पाळी चालू असेतो तो माणूस गिरणीत हजर पाहिजे. लेबर ऑफिसरांनी बायांना विचारलं, कोण शिकणार? सगळ्या खाली बघू लागल्या. मीपण खालीच बघत होते, पण हात वर गेला होता.

रविवारी एका शाळेत वर्ग असतो. बाकी सगळे पुरुष, बाया आम्ही दोघीच, दुसरी वेगळ्या गिरणीतली. ह्यांच्या डोक्याला रोज रात्री जखम होते आणि मी ती बांधते. तुझी सगळी औषधं मात्र तिथं बाद. जखमेत हळद, चुना, कोळ्याचं जाळं भरायचं नाही. चक्कर आली तर कांदा नाही, फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही. परीक्षा फेब्रुवारीअखेर. लोभ असतोच तुझा, पण आता जरा जास्त लागणार आहे.

तुझी
शालन

केम,
६ फेब्रुवारी १९७७

चि. सौ. शालन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चप्पल हुंगवायची नाही, तर मग तिला पायात घालण्यापलीकडं कामच काय राहिलं? बरं, कायदा आहे, कायद्यापुढं माझा कांदा मुकाट्यानं भाकरीबरोबर जाईल.

सावित्रम्माचं ऐकून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तू हात वर केलास ते बरं केलंस. नाहीतर ते लुगडं तसंच धरलेलं राहिलं असतं, एका बाजूला औषध आणि एका बाजूला बाई.

मी गावात सांगून टाकलं आहे. दळणाच्या गिरणीत, विहिरीवर, स्टेशनात, सगळीकडं. विहिरीवर बजाबाई म्हणाली, बाईमाणसानं रक्तात हात कशाला घालावा? मी म्हटलं, तुझी बाळंतपणं काय पाटलांनी केली होती? तेव्हापासून ती मला टाळून पाण्याला जाते, पण लई दिवस टाळायची नाही. अण्णाराव म्हणतात, आजी, परीक्षा व्हायची आहे आणि तुम्ही पास म्हणून सांगत सुटलाय. मी म्हटलं, मी माझं काम केलं, आता तिनं तिचं करावं.

घाबरू नकोस. माया आहे तशी आहे.

आजी
(अंगठा)

सोलापूर,
९ मार्च १९७७

ती. आजीस शालनचा नमस्कार. वि. वि.

मी नापास झाले.

तोंडी प्रश्नांना सगळी उत्तरं बरोबर आली. मोडलेल्या पायाला फळ्या बांधल्या, डॉक्टर मान हलवत होते. शेवटी एकाच्या मनगटावरच्या जखमेवर पट्टी बांधायची होती. बांधली. गाठ मारली, सपाट, शिकवली तशी. आणि आजी, गाठ बसल्याबरोबर माझी मान आपोआप खाली गेली आणि उरलेली शेंडी मी दातानं तोडली.

आमच्या खात्यात दिवसभर हेच. सूत तुटलं की गाठ, गाठ मारली की दात. कात्री शोधत बसलं तर मशीन थांबतं. मला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले की जखमेवरच्या पट्टीला तोंड लावायचं नाही हे पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं, ते हळू बोलले.

एप्रिलअखेर पुन्हा एकदा बसता येईल. लेबर ऑफिसरांनी सांगितलंय की त्यातही नापास झाले तर पेटी दुसऱ्या खात्यातल्या प्रमाणपत्रवाल्या पुरुषाकडं जाईल आणि तिथंच राहील. सावित्रम्मा परवा कामावर परत आली. तिचा तो हात बघून जास्त लागलं. घरी सराव करते तर दर वेळी मान खालीच जाते. ह्यांनी माझं तोंड रुमालानं बांधून पाहिलं. रुमाल सोडला की पुन्हा तेच. मला वाटतं, नाव काढून घ्यावं.

तू गावात सांगितलंस, आता तुला काय तोंड दाखवू?

शालन

केम,
१७ मार्च १९७७

चि. सौ. शालन हिस आशीर्वाद. वि. वि.

तोंड दाखव की, फक्त पट्टीला लावू नकोस.

गावाला कळायच्या आत मीच बजाबाईला गाठलं आणि सांगितलं की शालन नापास झाली, डॉक्टरांसमोर पट्टी खाल्ली. ती हसली, मीपण हसले. एकदा मीच हसून घेतलं की तिला पुढं काही राहत नाही. तुला केममध्ये खाली बघायचं कारण नाही.

नाव काढायचं बोलू नकोस. तुला यायचं ते सगळं येतंय, एक खोड तेवढी जास्त येतेय. खोड मोडायला शहाणपण लागत नाही, कडू लागतं. तू अंगावरचं दूध सोडीनास. तुझी आई रडायची, तू रडायचीस. शेवटी मीच लिंबाचा पाला वाटला आणि तुझ्या आईला लावायला लावला. तू तोंड लावलंस, माझ्याकडं असं बघितलंस की मीच वैरीण, आणि परत गेलीस. पुन्हा तोंड लावलंस. मग नाही. सगळी लेकरं तशीच सुटतात, तू काय परदेशातली आहेस?

तर सरावाच्या पट्टीची दोन्ही टोकं कडुलिंबाच्या वाटलेल्या पाल्यात बुडव. चांगला दाट वाट. नातजावयांना सांग, डोकं हिरवं झालं तर झालं. आणि कात्री कमरेला दोरीनं बांध, म्हणजे हाताला दुसरी वाट सापडेल. परीक्षेला मात्र कोरी पट्टी घे, नाहीतर डॉक्टर म्हणायचे, पाला भरायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

हे लिहिताना अण्णाराव हसतायत. त्यांच्या अक्षराला काही झालं असेल तर दोष माझा नाही. तू माझी आहेस, पास असलीस तरी आणि नापास असलीस तरी. पण पास हो.

आजी
(अंगठा)

सोलापूर,
१४ मे १९७७

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

आजी, पास.

महिनाभर घरात लिंबाचा वास. पहिल्या आठवड्यात तोंड इतकं कडू की चहासुद्धा कडू लागायचा. ह्यांची उशी हिरवी झाली. मग एक दिवस गाठ मारली आणि मान खाली जाता जाता मधेच थांबली. त्यानंतर हात कात्रीकडं जायला लागला. परीक्षेला तेच डॉक्टर होते. मी गाठ मारली तशी ते टेबलावरून पुढं वाकून माझ्या तोंडाकडंच बघत राहिले. मी कात्रीनं शेंडी कापली. ते मागं टेकून बसले आणि हसले.

प्रमाणपत्र भिंतीला लावलंय, पण खरी गोष्ट पुढंच. येडूमामांनी पेटीची किल्ली स्वतः आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, ओझं उतरलं. आणि गेल्या मंगळवारी सावित्रम्माचा तोच अधू हात घसरला आणि मशिनच्या पत्र्यानं दंड कापला. सगळ्या सवयीनं लुगडी धरायला धावल्या. ती म्हणाली, “लुगडी कशाला? शालनक्का आहे ना.” आणि आपणच बाही वर करून हात माझ्यापुढं धरला.

जखम धुतली, दाबली, बांधली. रक्त थांबलं. मला चक्कर आली नाही, आजी. बांधून झाल्यावर मात्र मी मोरीत जाऊन थोडी रडले. तुला सांगते म्हणून कुणाला सांगू नकोस.

तुझी
शालन

केम,
२२ मे १९७७

चि. सौ. शालन हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रडलीस ते सोडून बाकी सगळं सांगितलं. अण्णारावांना पत्र पोस्टाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायला लावलं. गाडी चुकलेली माणसं पण ऐकत होती. “लुगडी कशाला” तिथं मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. बजाबाईनं पदर डोळ्याला लावला. मी विचारलं तर म्हणाली, कचरा गेला. असेल. वारं होतंच.

मला अक्षर येत नाही, पण तुझ्या प्रमाणपत्रावर तुझं नाव आहे एवढं मला इथून दिसतं. माझ्यावरची माया जपून ठेव, ती पेटीत नाही, बाहेर ठेव.

आजी
(अंगठा)

ता. क. — पेढे पाठवू नकोस. पेढा तोंडात विरतो आणि माणसं विसरतात. शेंगाचटणी पाठव, उखळात कुटलेली, लसूण हात सैल सोडून, तिखट इतकं की बजाबाईच्या तोंडात संध्याकाळपर्यंत तुझं नाव राहिलं पाहिजे. दोन डबे.