बघायची गाडी

प्रिय भिंगरी,

घरी सगळे धडधाकट आहेत. कुणी पडलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असणार. फोनवर बोलणारी बाई अचानक कागद शोधत का बसली, असं वाटलं असेल. ते सांगणार आहे, पण शेवटी. गोष्टीचा शेवट आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेव्हा पान उलटू नकोस.

दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. कापायच्या टेबलावरचे रेक्झिनचे तुकडे बाजूला सारून लिहायला बसले आहे. स्कूटरच्या सीटा आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचं कव्हर शिवायचं पडलंय, ते पडू दे. माझ्या समोर, दुकानाच्या दर्शनी काचेआड, ती उभी आहे. होय, तीच, बाबांची मोटोक्रॉसची, मातीतल्या शर्यतींची गाडी. रागावून कागद चुरगळू नकोस, तिच्याबद्दलच लिहायचंय.

गेल्या खेपेला आलीस तेव्हा मागच्या शेडमध्ये तिच्यावरचा पत्रा निघालेला तू पाहिलास आणि चहा तसाच टाकून उठलीस. "या घरात एक तर ही गाडी राहील, नाही तर मी येईन," एवढंच म्हणालीस. बाबा मान खाली घालून चेन पुसत राहिले. तुला वाटलं, त्यांनी गाडीच्या बाजूने कौल दिला. मलाही तेच वाटलं. तू गेल्यावर बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. तुझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मनगट मोडलं तेव्हा 'आता पुरे' असा शब्द देऊन हा माणूस पुढच्याच मोसमात परत मातीत उतरला होता. मग खुबा मोडला. तुझ्या वयाच्या मुली बाहेर हुंदडायच्या तेव्हा तू त्यांचा पाय हातात धरून व्यायाम करून घ्यायचीस. त्यातूनच तू फिजिओथेरपिस्ट झालीस म्हणून लोक कौतुक करतात, आणि ते कौतुक तुला मुळीच आवडत नाही, हे मला कळतं. त्यांच्या खुब्यात बसवलेली धातूची पट्टी किती सोसेल हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुझा राग भीतीचा होता गं. माझाही तसलाच होता.

तर, तू गेल्यावर काम थांबेल अशी माझी भाबडी समजूत. कसचं काय! आठवडाभरात गाडी पार सुटी होऊन शेडभर पसरली. वाकलेली चॅसी सरळ होऊन आली. टाकीचा चेपलेला गाल आतून ठोकून वर काढला. आणि तो रंग! नव्या डब्यातला लाल त्यांना नको होता. ऊन खाऊन किंचित नारिंगीकडे झुकलेला, तेव्हाचा लाल हवा होता. टोपणाखाली जुन्या रंगाचा नखाएवढा कपचा उरला होता, तो चिमटीत धरून रंगवाल्याकडे इतक्या चकरा मारल्या की त्यांना लांबून बघून तो बिचारा शटर ओढून घ्यायला लागला.

मग माझी पाळी आली. सीट मी शिवायची, हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मी रागाने शिवली, पण शिवली. त्यांनी ती लांबून पाहिली, जवळून पाहिली, खाली उकिडवं बसून पाहिली, आणि परत केली. म्हणे फोम फार फुगलाय. दुसरी केली तर शिवणीची पांढरी कड जाड झाली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की सीट मध्ये खोलगट झाली की बदलून घ्या, आणि या माणसाला नवी सीट मध्ये खोलगट हवी होती. कारण तेव्हाची तशी दिसायची. मी म्हटलं, मग तुम्हीच बसून बसून खोल करा. तर सीट माझ्या पुढ्यात ठेवून शेडकडे निघून गेले. तेव्हा मला त्या निघून जाण्याचा अर्थ लागला नाही.

एक मात्र आहे. दिसायला ती गाडी मलाही पहिल्यापासून आवडायची. तू आताच्या मोटोक्रॉसच्या गाड्या बघितल्यास का? सगळीकडून टोकं आलेली, अंगभर स्टिकर, जणू कुणाशी तरी भांडूनच निघाल्यात. या जुन्या गाडीला चेहरा आहे. चाकापासून वीतभर वर उचललेला तो पुढचा मडगार्ड, पाण्यात शिरताना परकर वर धरावा तसा. पोट काढून इंजिनाखालून वळसा घेणारी धुराची नळी. मागचे ते दोन सडपातळ शॉकअप. हँडलच्या आडव्या दांडीवरची फोमची उशी, जी दर मोसमात मीच नव्याने शिवायचे. आणि पुढे नंबरची लंबगोल पाटी. तिच्यात काही लपवलेलं नव्हतं, जे होतं ते बाहेरच दिसायचं. बाबा स्टूल टाकून तिच्यासमोर बसायचे, चहा गार होईस्तोवर नुसते बघत, आणि मी दारातून त्यांना बघायचे. मला वाटायचं, मनातल्या मनात हे ट्रॅकवर पोचलेसुद्धा.

आता माझी अवस्था ऐक. त्यांनी माळ्यावरून जुने बूट काढले, मेण लावून चकचकीत केले. सकाळचं फिरणं वाढवलं, तेही चढाच्या रस्त्याने. रबराचा चेंडू हातात घेऊन मनगटाचे व्यायाम सुरू केले, तूच शिकवलेले. मी कधी विचारलं तर म्हणायचे, तब्येत नको का सांभाळायला? एवढं शहाणपण या माणसाला एकाएकी कुठून आलं, म्हणून माझा जीव अधिकच टांगणीला लागला. त्यात त्यांचा तो जुना सोबती, चिखल्या काका. (आठवतात ना? शर्यत असो नसो, अंगावर चिखल असायचाच.) त्यांनी फोनवरून आनंदाने कळवलं की जुन्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांचा मेळावा भरतोय, शेवटी सगळे जुने खेळाडू आपापल्या गाडीवरून एक फेरी मारणार आहेत, आणि बाबांनी आपलंही नाव दिलंय. मी फोन ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. तुला सांगावं असं हजारदा मनात आलं. सांगितलं नाही. उगाच तिथे तुझी झोप कशाला उडवायची, आणि तुझ्या सांगण्याने तरी ते थोडेच ऐकणार होते.

तसं पाहिलं तर सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं. शेड झाडताना मी गाडी एका हाताने सरकवायचे, आणि पूर्वी तर माझ्याने ती जागची हलायची नाही. मला वाटलं, चाकं नवी म्हणून. पूर्वी तिच्याखाली तेलाचे डाग पडून फरशी कायमची काळी व्हायची, आणि आता खाली अंथरलेली जुनी चादर कोरी करकरीत. मला वाटलं, काम चोख झालंय. पेट्रोलचा वासही कधी आला नाही. पण मी पडले सीटा शिवणारी. इंजिनाशी माझं कधी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे डोक्यात प्रकाश पडला नाही.

मेळाव्याच्या दिवशी मी बरोबर गेले. का गेले म्हणशील तर, पडलेच तर निदान जवळ तरी असावं म्हणून. पिशवीत क्रेप बँडेज, पाण्याची बाटली आणि तुझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवलेला. बाबा मात्र नवरदेवासारखे. गाडी रांगेत लावली तेव्हा माणसं आपसूक गोळा झाली. अगदी हुबेहूब तेव्हाची, असं जो तो म्हणत होता. आयोजकांमधला एक जण कागद घेऊन आला आणि त्याने विचारलं की पाटी कोरी कशी, गाडीचा नंबर काय? सगळ्या गाड्यांवर नंबर होते आणि आपली पाटी पांढरी फटक. बाबा त्याला काय म्हणाले ते मी नंतर सांगते.

मग माइकवरून फेरीचं जाहीर झालं. एकेकाने किक मारली. धूर, कानठळ्या, तो जळक्या तेलाचा वास, सगळं परत आलं. बाबांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. त्यांनी हँडल धरलं आणि मी कुंपणाची तार घट्ट पकडून डोळे मिटले. गाड्या सुटल्याचा आवाज झाला, लांब गेला. डोळे उघडले तर सगळे गेलेले आणि बाबा एकटेच ट्रॅकच्या तोंडाशी, गाडीवर नाही, गाडीच्या बाजूला. हँडल धरून तिला हाताने ढकलत चालत होते. चढ होता, धापा टाकत होते, पण चेहरा असा की काय सांगू. सकाळचं ते चढाचं फिरणं आणि मनगटाचे व्यायाम कशासाठी होते, ते मला तिथे कळलं. पहिल्या वळणावर चिखल्या काका फेरी सोडून मागे फिरले, आपली गाडी बंद करून खाली उतरले आणि तीही ढकलत त्यांच्या बरोबरीने चालायला लागले. दोघं म्हातारे हसत हसत परत आले. लोक टाळ्या वाजवत होते.

मी तारेखालून वाकून आत शिरले. साडी फाटली, फाटू दे. तोंडाला येईल ते बोलत सुटले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून पाना काढला आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून मला म्हणाले, बघ. आत काही नव्हतं गं. स्वच्छ धुतलेल्या डब्यासारखं रिकामं. चेन अडकवायला एक दांडा तेवढा ठेवलाय. पिस्टन, गिअर, जे काही असतं ते सगळं त्यांनी चिखल्या काकांच्या गाडीसाठी देऊन टाकलंय. तू घरातून गेलीस त्याच आठवड्यात. चिखल्या काकांच्या तोंडात कधी तीळ भिजत नाही, पण एवढी गोष्ट त्यांनी इतके दिवस पोटात ठेवली, याचं मला जास्त नवल वाटलं.

मी विचारलं, चालवायची नव्हतीच तर असं आतडं कशाला काढून टाकलंत? नुसती उभी केली असतीत. तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"आत काही असतं तर मी बसलो असतो. मी कसा आहे ते मला माहीत आहे ना."

मग मी म्हटलं, पोरीला का नाही सांगितलंत? ती वर्ष होत आलं, उंबरठ्याला पाय लावत नाही. तर म्हणाले की शब्द मी मागेही दिला होता, त्याची काय किंमत राहिली? या वेळी बोलायचं नाही, करून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तुझा बाप इतका विचार करत असेल असं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. मी तिथेच, चाकांनी उकरलेल्या मातीत, फतकल मारून बसले आणि हसत सुटले, आणि हसता हसता रडू आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी अंगभर कळलं. परतताना गाडीला टेम्पोत चढवायला मीच हात लावला. घरी मागच्या शेडमध्ये तिला परत जाऊ दिलं नाही. दुकानाच्या काचेत उभी केली, माझ्या सीटची जाहिरात म्हणून. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. सकाळी एक आजोबा काचेला नाक लावून किती तरी वेळ उभे होते. बाबा आत स्टूलवर, आजोबा बाहेर, दोघं तिच्याकडेच बघत.

आता फोन का केला नाही, ते सांगते. खुबा मोडला तेव्हा तुझ्या शाळेत फोन मीच केला होता. तेव्हापासून माझा फोन अवेळी आला की तू 'हॅलो' न म्हणता आधी 'बाबा कुठे आहेत?' असं विचारतेस, हे माझ्या केव्हाच लक्षात आलंय. फोन करून 'बाबांच्या गाडीबद्दल सांगायचंय' असं म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य येईपर्यंत तू बॅग भरायला घेतली असतीस. तेवढंही होऊ नये म्हणून हे पत्र. ती भीती आता सोडून दे. आणि आणखी एक. बाबांच्या गाडीच्या पाटीवर तू रंगवायचीस तो इंग्रजी आठ आठवतो? दोन गोल एकावर एक काढायचीस, आणि वरचा गोल खालच्यापेक्षा हमखास मोठा. सगळे त्याला डोईजड आठ म्हणून चिडवायचे, आणि बाबा पेंटरला पाटीला हात लावू द्यायचे नाहीत. परवा तो कागदवाला विचारत होता ना, पाटी कोरी कशी म्हणून? बाबा त्याला म्हणाले, "नंबर घालणारी अजून आलेली नाही." पाटी मी काढून टेबलावर ठेवली आहे. काळा रंग घरात आहे, ब्रश नवा आणलाय.

तुझीच, आणि किती तरी दिवसांनी स्वस्थ बसलेली,
आई

ता. क. बाबांनी पत्र वाचायला मागितलं होतं, मी दिलं नाही. फक्त एवढंच लिही म्हणाले, की आठ वरून जडच हवा, नीट काढायला जाऊ नकोस.