हिरवं बटन

ठमे,

मावशीच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतेस, असं कळलं. कॉम्प्युटरवरच्या त्या फोन-नोकरीच्या कोर्सचं नाव काढलं की म्हणे म्हणतेस, "मीच मंद."

मंद नाहीस तू. तुला दिसत नाही म्हणून कॉम्प्युटर सगळं वाचून दाखवायचा. धडे घडाघडा वाचले मेल्याने, पण परीक्षेच्या पानावर नुसतं "बटन, बटन, बटन". कसलं बटन, ते पान बनवणाऱ्यांनी आत लिहिलंच नव्हतं. तू म्हणालीस, "आई, पुढचा प्रश्न कुठल्या बटनावर आहे, तेवढं बघ ना."

माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं जुळवत बसायची लाज वाटली. त्यात इस्त्री तापलेली, डोकंही तापलेलं. दिसलं ते हिरवं बटन दाबलं.

अख्खा पेपर जमा झाला. तीसपैकी चारच प्रश्न झाले होते.

"काय झालं गं?"

"वेळ संपला. जरा भरभर करायचं होतंस!"

अजून वीस मिनिटं बाकी होती, ठमे. पास झाली असतीस तर आज ऑफिसात फोनवर बसली असतीस. पान बनवणाऱ्यांना मी रोज शिव्या घालते, पण खोटं बोलले ती मी.

हे लिहायला चार दिवस लागले. आता लक्षात येतंय, कागदावरचं तुला वाचता यायचं नाही. मावशी वाचून दाखवणार, म्हणजे आधी तिला कळणार. म्हणून हे पत्र इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवते.

फोन करते तेव्हा तू "बोल, आई" म्हणतेस. आणि मी विचारते, "जेवलीस का?"

तुझी,
आई